चारशे बारा फायली आणि एक गुणगुण

बाईंनी हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवली तेव्हा सोबत एक दोनशे पानी वहीही दिली. वहीत क्रमांक, माणसाचं नाव, गाव, वय आणि पुढे बारीक अक्षरात काय म्हणवून घेतलं ते: शब्दयादी, एखादी गोष्ट, जात्यावरच्या ओव्या. डिस्कवर ४१२ फायली, आणि प्रत्येकीच्या नावाच्या शेवटी ‘डॉट रॉ’. भाषाविज्ञान शिकवता शिकवता बाईंनी सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत फिरून बोलींचे नमुने कॅसेटवर घेतले होते. २००० सालाच्या आसपास विभागातल्या संगणकाला टेपरेकॉर्डर जोडून त्या कॅसेटी आत उतरवल्या गेल्या. पुढे कॅसेटींना बुरशी लागली, टेपा एकमेकींना चिकटल्या. उरलं आहे ते एवढंच, या ४१२ फायलींत. आणि त्यातली एकही फाईल कुठल्याच प्लेअरवर वाजत नव्हती.

‘‘खराब झाल्यात का रे?’’ बाईंनी विचारलं.

खराब काहीच झालं नव्हतं. आवाज जसाच्या तसा होता. तो वाचायचा कसा, हे सांगणारी चिठ्ठी मात्र त्याच्यासोबत कधी ठेवलीच गेली नव्हती.

संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग. बोलताना हवेचा दाब कमीजास्त होतो, माइक त्याचं विजेच्या दाबात रूपांतर करतो, आणि साउंड कार्ड तो दाब सेकंदाला हजारो वेळा मोजून प्रत्येक मोजणीचा आकडा लिहून ठेवतं. ही कल्पना १९३७ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला सुचली. त्याच्या डोळ्यांसमोर टेलिफोन होता. तारेतून आवाज दूर पाठवला की वाटेत खरखर मिसळते. आवाजाऐवजी आकडे पाठवले तर, खरखर फारच जास्त नसेल तोवर, पलीकडे आकडा ओळखता येतो. या पद्धतीला पीसीएम म्हणतात. आजही सीडी असो, फोन असो की चित्रपटाचा साउंडट्रॅक, मुळाशी तीच आहे.

रॉ फाईल म्हणजे ही आकड्यांची रांग आणि दुसरं काहीही नाही. वेव्ह फाईलमध्येही बहुतेकदा तेच आकडे, त्याच क्रमाने असतात. फरक इतकाच की त्यांच्या आधी, साध्यात साध्या वेव्ह फाईलमध्ये ४४ बाइटचं एक हेडर असतं. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी हा साचा ठरवला. सेकंदाला किती मोजण्या (यालाच सॅम्पल रेट म्हणतात), एक मोजणी किती बिटांची, चॅनेल एक की दोन, आणि आकडे किती बाइट भरून आहेत, एवढं त्या ४४ बाइटांत लिहिलेलं असतं. म्हणून रॉची वेव्ह करायची तर आवाजाला हात लावावाच लागत नाही. पुढे ४४ बाइट जोडले की झालं. याला रूपांतर म्हणणंसुद्धा जास्तच होतं. हे लेबल लिहिणं आहे. पण लेबलवर काय लिहायचं ते फाईल सांगत नाही, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

मराठी टायपिंग केलेल्यांना ही अडचण नवी नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर समजायचं, हे ठाऊक असलेला फॉन्ट तेवढा गेलेला असतो. रॉ आवाजाचं तसंच आहे.

‘‘बाई, सॅम्पल रेट किती ठेवला होता?’’

‘‘ते तो संगणकावरचा मुलगा बघायचा.’’ तो मुलगा कुठे गेला ते बाईंना आठवत नव्हतं.

मग मी फाईलच वाचायला घेतली. कान लावण्याआधी डोळे लावले. बाइट हा ० ते २५५ मधला एक आकडा. सत्तेचाळीस क्रमांकाच्या फाईलमध्ये एका आजीचा आवाज होता; तिचे पहिले बारा बाइट असे होते: ३, ०, २५४, २५५, १, ०, ०, ०, २५५, २५५, ४, ०. इथे थोडं थांबायला हवं, कारण मोजणी किती बिटांची, तिच्यात ऋण आकडे आहेत का, बाइटचा क्रम कोणता, चॅनेल किती आणि सॅम्पल रेट किती, या पाचपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं या बारा आकड्यांत मिळतात. दर दुसरा बाइट एक तर ० आहे नाहीतर २५५. आवाज एकेका बाइटचा असता तर असा ठेका पडला नसता. म्हणजे मोजणी दोन बाइटांची, १६ बिटांची आहे. आता जोड्या लावू: ३ आणि ०, २५४ आणि २५५, १ आणि ०. या जोडीतला दुसरा बाइट मोठ्या घराचा आणि पहिला लहान घराचा धरला तर आकडे येतात ३, ६५,५३४, १, ०, ६५,५३५, ४. शांततेत आवाज ३ वरून ६५,५३४ वर उडी मारणार नाही. पण १६ बिटांत ऋण संख्या लिहायची रीत अशी आहे की ६५,५३५ म्हणजे उणे एक आणि ६५,५३४ म्हणजे उणे दोन. तसं वाचलं की रांग होते: ३, उणे २, १, ०, उणे १, ४. शून्याभोवतीची बारीक थरथर. टेप सुरू झाली आहे, पण आजी अजून बोलायला लागलेली नाही, त्या क्षणाची ही शांतता.

जोडीतला कुठला बाइट मोठ्या घराचा, यावरून संगणकाच्या जगात कधीकाळी मोठं भांडण होतं. इंटेलच्या प्रोसेसरवर लहान घर आधी, सनच्या जुन्या स्पार्क वर्कस्टेशनवर मोठं घर आधी. डॅनी कोहेन याने १९८० साली या वादावर एक लेख लिहिला आणि गलिव्हरच्या प्रवासातल्या अंडं कुठल्या टोकाने फोडावं या भांडणाची नावं त्याला दिली: लिटल एंडियन आणि बिग एंडियन. मराठी माणसाला हे समजायला गलिव्हरची गरज नाही. आपण २५ लिहितो तेव्हा दोन आधी लिहितो, पण म्हणतो पंचवीस, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. आपलं लिहिणं एका टोकाचं आणि बोलणं दुसऱ्या टोकाचं आहे. फोनवर आकडा सांगताना ‘पंचवीस’ ऐकून कुणी ५२ लिहून घेतला तर जे होईल तेच बाइटचा क्रम चुकल्यावर होतं. वरचेच आकडे उलट घर धरून वाचले तर शांततेची रांग ७६८, उणे २५७, २५६ अशी उसळते, आणि स्पीकरमधून नुसता फसफसाट येतो. हा फसफसाट एकदा ऐकला की विसरत नाही, आणि पुढे कधी ऐकला तर कारण लगेच कळतं.

चॅनेलचा प्रश्न सोपा होता. टेपरेकॉर्डर एका माइकचा, मोनो. डाव्या-उजव्या कानांचे आकडे आलटूनपालटून आहेत असं धरून वाचलं तर आजीचा आवाज दुप्पट वेगाने पळत होता, आणि एक चॅनेल धरला की तसं होत नव्हतं. पण एका चॅनेललाही तिचा खरा वेग कोणता? शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न तोच: सेकंदाला किती मोजण्या?

इथे अंदाज करता येतो, कारण लोक मनाला येईल तो आकडा ठेवत नाहीत. टेलिफोनचा आकडा ८,०००. बोलण्याच्या अभ्यासाला बहुधा १६,०००. सीडीचा ४४,१००, त्याचा निम्मा २२,०५० आणि पाव ११,०२५. डॅट टेप आणि चित्रपटाचा ४८,०००. यातला ४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमधून आला. सीडीच्या आधी डिजिटल आवाज साठवायला पुरेशी जागा बहुतेकदा व्हिडिओ टेपवरच मिळे, म्हणून आवाजाचे आकडे चित्राच्या ओळींत भरले जात. एका ओळीत तीन मोजण्या. अमेरिकी आणि जपानी पद्धतीत वापरायच्या २४५ ओळी सेकंदाला ६० वेळा. युरोपी पद्धतीत २९४ ओळी सेकंदाला ५० वेळा. दोन्हीकडे गुणाकार ४४,१०० येतो, आणि माणसाला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्झच्या दुपटीहून तो थोडा जास्त आहे. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा तो आकडा कायमचा झाला.

मी ऑडॅसिटी उघडलं. त्यात ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ अशी सोय आहे. हेच पाच प्रश्न ती विचारते आणि तुमच्या उत्तरांवर विश्वास ठेवून आवाज वाजवते. ४४,१०० ठेवलं तर आजी चिमणीसारखी बोलली. ८,००० ठेवलं तर खोल विहिरीतून, एकेक शब्द ओढत. १६,००० ला बरी वाटली, पण २२,०५० ला ती थोडी लगबगीने बोलणारी बाई वाटत होती, आणि लगबगीने बोलणाऱ्या बायका जगात असतातच. माझ्या कानावर बोलीचा अभ्यास उभा करायचा नव्हता. बोलीत स्वर किती लांबवला, हेल कुठे चढला, हेच तर बघायचं असतं.

साक्ष मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. रेकॉर्डिंगच्या शांत जागांत एक बारीक गुणगुण होती. ती कॅसेटमधली नव्हती. गावात बाईंचा टेपरेकॉर्डर सेलवर चाले. ती विभागातल्या संगणकात आवाज उतरवताना तारेतून शिरलेली, भिंतीतल्या विजेची गुणगुण होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येते, म्हणजे ५० हर्ट्झ. मी फाईल मुद्दाम ४४,१०० ने वाचून वारंवारतेचा आलेख काढला. गुणगुणीचा काटा १३५ हर्ट्झवर उभा होता. खरी गुणगुण ५० ची आणि दिसते १३५ ची, म्हणजे मी २.७ पट वेगाने वाजवतोय. ४४,१०० ला २.७ ने भागलं तर १६,३३३. असा सॅम्पल रेट कुणी ठेवत नाही. पण जवळचा आकडा १६,०००, आणि ती किंचितशी तफावतही समजण्यासारखी आहे. त्या वर्षांत आपल्या वीजजाळ्याची वारंवारता बरीच खालीवर होई. मागणी वाढली की ५० ची ४९ होणं रोजचं होतं. १६,००० धरून उलट हिशेब केला तर त्या दिवशीची वीज जवळजवळ ४९ हर्ट्झची निघते. २२,०५० धरलं तर ६७.५ ची वीज मानावी लागते, आणि तशी वीज कुठेच नव्हती.

त्या आकड्याने फाईलची लांबीही कळली. सत्तेचाळीस क्रमांकाची फाईल १४,७२,००० बाइटची. दोनने भागून ७,३६,००० मोजण्या, १६,००० ने भागून ४६ सेकंद. शेष शून्य.

एक फाईल कळली. आता ४१२. हे हाताने करायचं नाही, करूही नये. हाताने चारशे वेळा तेच बटण दाबताना माणूस कुठेतरी चुकतोच, आणि कुठे चुकला ते त्याला सांगता येत नाही. स्क्रिप्ट चुकली तर सगळीकडे सारखी चुकते, आणि सारखी चूक शोधता येते.

आवाजाच्या कामाला दोन जुनी आणि फुकट हत्यारं आहेत. एक सॉक्स, लान्स नॉर्सकॉगने १९९१ साली लिहिलेलं. दुसरं एफएफएमपेग, २००० साली फाब्रीस बेलारने सुरू केलेलं. आज व्हिडिओ-ऑडिओचं फारच थोडं काम असेल जिथे ते पडद्यामागे नाही. मी एफएफएमपेग घेतलं. त्याला रॉ फाईलची जात एका लहानशा शब्दात सांगता येते: ‘एस१६एलई’. एस म्हणजे ऋण-धन दोन्ही आकडे, १६ म्हणजे बिट, एलई म्हणजे लिटल एंडियन. बारा बाइटांतून जे शोधलं ते या एका शब्दात मावतं. बाकी स्क्रिप्ट म्हणजे एक लूप. या फोल्डरमधली ‘डॉट रॉ’वर संपणारी प्रत्येक फाईल घे, ती एस१६एलई, १६,००० आणि एक चॅनेल समजून वाच, नावातलं ‘डॉट रॉ’ काढून तिथे ‘डॉट फ्लॅक’ लाव (वेव्हऐवजी फ्लॅक का, ते पुढे), दुसऱ्या फोल्डरमध्ये लिही, आणि तिथे त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिला हात लावू नकोस. फायलींच्या नावांत मोकळ्या जागा होत्या, ‘०४७ कुडाळ’ अशा. म्हणून नाव जिथे जिथे येईल तिथे ते अवतरणचिन्हांत. नाहीतर शेल ते दोन वेगळ्या फायली समजतं आणि दोन्ही सापडत नाहीत म्हणतं.

रात्री लावून झोपलो. सकाळी ४१२ फायली तयार होत्या, आणि सगळ्यांत चिमण्या बोलत होत्या.

चूक माझी होती, आणि ती इतकी सहज होते की नीट सांगायला हवी. एफएफएमपेगच्या कमांडमध्ये जागेला अर्थ आहे. आत येणाऱ्या फाईलच्या नावाआधी लिहिलेला आकडा आत येणाऱ्या फाईलला लागू होतो, नावानंतर लिहिलेला बाहेर जाणाऱ्या फाईलला. मी १६,००० नंतर लिहिलं होतं. आत येणाऱ्या रॉचा सॅम्पल रेट न सांगितल्यामुळे त्याने स्वतःचा ठरलेला ४४,१०० धरला, पावणेतीन पट पळणारा आवाज वाचला, आणि मग तो पळणारा आवाज माझ्या सांगण्याप्रमाणे १६,००० वर नीटनेटका उतरवला. कमांडने एकही तक्रार केली नाही. फाईलवर लेबलसुद्धा १६,००० चंच होतं. कुणी ऐकून पाहिलं नसतं तर ते खोटं लेबल खऱ्यासारखं पुढे गेलं असतं. मूळ फोल्डर मी फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवला होता, म्हणून नुकसान एका रात्रीचं झालं. रॉ फाईल, ती फुकटची जागा खाते असं वाटलं तरी, शेवटची तपासणी होईपर्यंत पुसायची नाही, हे मी तेव्हापासून फार पाळतो.

दुसऱ्या खेपेला स्क्रिप्टने वहीवरून टाईप केलेली यादी ओळीओळीने वाचून काम करावं असं केलं, म्हणजे वहीतला क्रमांक आणि फाईल जुळते की नाही तेही कळेल. तिथे वेगळंच झालं. पहिली फाईल नीट, आणि दुसरीचं नाव सापडत नाही. त्रुटीच्या ओळीत नावाची सुरुवातीची अक्षरंच गायब. कारण असं की एफएफएमपेग चालताना कीबोर्डकडे कान देऊन असतं. कुणी मधेच ‘क्यू’ दाबून थांबवेल म्हणून. लूपमध्ये कीबोर्डच्या जागी माझी यादी होती, आणि ते यादीतलीच अक्षरं गिळत होतं. कीबोर्डकडे कान देऊ नकोस असं सांगणारा एक पर्याय आहे, ‘नोएसटीडीइन’. तो लावला आणि यादी शाबूत राहिली.

आता आवाज खरा होता. पण तीन फायलींच्या सुरुवातीला ‘खर्र’ असा अगदी क्षणभराचा आवाज येत होता. त्यांचे पहिले बाइट बघितले तर ते आकडे नव्हतेच, वाचता येणारी रोमन अक्षरं होती. त्या तीन फायली नावाने रॉ, पण आतून स्फिअर होत्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने बोलण्याच्या संशोधनासाठी केलेला तो साचा. त्याच्या सुरुवातीला १,०२४ बाइटचं साध्या मजकुराचं हेडर असतं. तो मजकूर आवाज म्हणून वाजत होता, ०.०३२ सेकंद. मी तो वाचला. सॅम्पल रेट: १६०००. विजेच्या गुणगुणीने जे सांगितलं होतं ते त्या संगणकावरच्या मुलाने तीन फायलींपुरतं लिहून ठेवलं होतं.

फ्लॅक का निवडलं, तेही सांगतो. जॉश कोल्सनने २००१ साली काढलेला हा फॉरमॅट आवाज दाबतो, पण त्यातलं काहीही टाकून देत नाही. उलगडला की आकडा न् आकडा परत येतो. बोलण्याच्या फायली साधारण निम्म्या जागेत बसल्या. मूळ आकड्यांची एमडी५ खूणही तो हेडरमध्ये स्वतःच लिहून ठेवतो, त्यामुळे वीस वर्षांनी कुणालाही फाईल शाबूत आहे का ते तपासता येईल. मी पुन्हा एक लूप लिहिला: प्रत्येक फ्लॅक उलगडून पुन्हा रॉ कर आणि मूळ रॉशी बाइटला बाइट ताडून बघ. तीन स्फिअर फायलींचं हेडर बाजूला ठेवून ताडलं. ४१२ पैकी ४१२ जुळल्या.

एमपी३ इथे चाललं नसतं. कानाला जे ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं ते तो काढून टाकतो, आणि एरवी ते फार हुशारीने करतो. गाणं ऐकायला, मित्राला पाठवायला उत्तम. पण मराठीत ‘जग’ हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणतात. पृथ्वी या अर्थाचा ‘जग’ तालव्य, आणि ‘सुखाने जग’ मधला दंततालव्य. लिहायला एकच अक्षर. फरक ऐकू येतो तो वरच्या वारंवारतांतल्या सूक्ष्म घर्षणात, आणि कमी बिटरेटचा एमपी३ पहिली कात्री तिथेच चालवतो. टेलिफोनवर स आणि फ यांचा गोंधळ होतो तोही याच कारणाने. ८,००० मोजण्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचं काही मावतच नाही. कुठल्या गावात च कसा म्हणतात हे ज्यातून शोधायचं, त्यातलंच ते घालवायचं कसं? विद्यार्थ्यांना मोबाईलवर ऐकायला ओपस या आवाज दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये वेगळ्या प्रती केल्या, त्याच स्क्रिप्टमधली एक ओळ बदलून. सॅम्पल रेट वाढवून ४८,००० करण्यात मात्र अर्थ नव्हता. जे कधी मोजलंच नाही ते नंतर येत नाही. फक्त जागा तिप्पट लागते.

शेवटचं काम वहीचं. फ्लॅकमध्ये मजकूर ठेवायला जागा असते, देवनागरीतसुद्धा. क्रमांक, नाव, गाव, वय, काय म्हटलं, आणि ‘१६,००० हर्ट्झ, १६ बिट, एक चॅनेल, कॅसेटवरून’ असं सगळं प्रत्येक फाईलच्या पोटात घातलं. नऊ फायलींची पानं वहीतून फाटलेली होती. त्या बाईंना ऐकवल्या. हेडफोन लावून त्या डोळे मिटून बसल्या आणि एकेका वाक्याला ‘‘ही मालवणकडची’’, ‘‘हा झाडीपट्टीचा, बघ कसं बोलतोय’’ असं सांगत गेल्या. सातांची गावं वहीच्या मागच्यापुढच्या पानांवरून पक्की झाली. दोन फायलींना बाईंनी मान हलवली, पुन्हा ऐकल्या, पुन्हा मान हलवली. त्या फायलींच्या गावाच्या रकान्यात मी ‘माहीत नाही’ असं लिहिलं.